जगलीवरची फोड

आमच्या घरात काकडी कडू आहे की नाही हे ठरवण्याचं खातं माझ्याकडे होतं. अप्पा बाजारातून आले की थेट आत यायचे नाहीत. घरापुढे एक दगडी ओटा होता. आम्ही बेंगळूरची जुनी मराठी माणसं कानडी शेजाऱ्यांसारखं त्याला जगली म्हणतो. तिथे ते पिशवी उपडी करायचे, चाकू काढायचे आणि काकडी, दोडका, दुधी, जे जे म्हणून दगा देऊ शकतं त्याचं टोक उडवून एक पातळ फोड माझ्यापुढे धरायचे. "कडू?" एवढंच विचारायचे. मी डोळे मिटून चावायचे आणि मान हलवून सांगायचे, "नाही." मग ती भाजी आत जायची. कधी मी थू थू करत गटारीकडे धावले की ते खूश व्हायचे, जणू काही मी चोरच पकडून दिला होता. अक्का, माझी मोठी बहीण, या मानाच्या पदावर फार जळायची, पण तिला म्हणे जिभेचा भरवसा नव्हता.

हे सगळं बाहेर व्हायचं कारण आत आईचं राज्य होतं. आई सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत कशाचा थेंबही जिभेवर ठेवायची नाही. ठेवला तर अख्खं पातेलं उष्टं. तिला त्याची गरजही पडत नसे. झाकण जरा कलतं करून ती वाफेवर चेहरा धरायची आणि मीठ कमी आहे, चिंच आणखी उकळायला हवी, हे सांगून मोकळी व्हायची. मी तिच्या हाताखाली तेच शिकले. सोळाव्या वर्षापर्यंत मलाही वासावरून मीठ कळू लागलं होतं. लोकांना ही थाप वाटते. माझ्या सुनेलाही वाटते. परवा मी तिला हे सांगत होते तेव्हा ती हसली आणि म्हणाली की आई, तुम्ही तर पाणी उकळलं तरी चाखून बघता. खरं आहे. आता बघते. ते का, तेच लिहायला बसले आहे.

अप्पा बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात होते. त्या कारखान्याला टाळं लागलं आणि अप्पा दिवसभर जगलीवर बसू लागले. अक्का लग्न होऊन गेली होती. मी संध्याकाळच्या कॉलेजला जात होते, म्हणजे सकाळ मोकळी. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बातमी आणली की मार्केटच्या मागे रस्त्यावरच्या निराधार माणसांसाठी जी जागा आहे तिथे सकाळच्या स्वयंपाकाला कुणीतरी हवं आहे. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दोन अटी घातल्या. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. आणि तिथलं काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी दोन्ही मान्य केल्या. एकोणीस वर्षांची होते. भूक लागेल याची काळजी वाटली, बाकी त्या अटीत काही वावगं आहे असं मला वाटलंसुद्धा नाही.

ती जागा म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. सगळे तिला छत्र म्हणत. उंच भिंती, वरती पत्रा, आणि पत्र्यावर कबुतरांच्या पायांचा सतत खरखर आवाज. साठ-सत्तर माणसं राहायची. कुणी बसस्टँडवरून आलेलं, कुणी देवळाच्या पायरीवरून, कुणी कुठून आलं ते त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही. मागच्या अंगणात नळाजवळ भाज्या चिरल्या जायच्या, आणि एक उंबरा ओलांडला की माझं स्वयंपाकघर. दोन भट्ट्या, माझ्या कमरेएवढी दोन पातेली, आणि भाताचा चमचा म्हणजे चक्क फावडं. पहिल्या आठवड्यात माझ्या दंडांना सूज आली. साडेअकराला ताटल्यांचा खणखणाट सुरू व्हायचा तेव्हा छातीत धडधडायचं, मॅट्रिकच्या पेपरालाही तसं धडधडलं नव्हतं.

छत्राचं सगळं ग्रेसम्मा बघायच्या. बारीक, चष्मा लावलेल्या, एका जागी कधी न बसणाऱ्या. भाजी चिरायला पुट्टम्मा नावाची म्हातारी होती. तीही तिथेच राहायची. तोंडात सदा तंबाखू, पण विळीवर हात असा चालायचा की बघत राहावं. ग्रेसम्मांचा नियम होता की चिरताना कुणी काही तोंडात टाकायचं नाही, कारण आधी गाजरं अर्धी आत आणि अर्धी पोटात अशी जायची. मला हा नियम फार आवडला. आमच्या घरातलाच वाटला.

आणि रंगप्पा. पूर्वी मार्केटात हमाली करायचा. पाठ गेल्यावर काम गेलं, मग घरच्यांनीही विचारणं सोडलं. पंगतीत त्याची जागा ठरलेली, माझ्या दाराजवळची शेवटची. बोलणं जवळजवळ नाहीच. मी वाढत गेले की पुरेसं झाल्यावर ताटलीवर हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "सरी." म्हणजे ठीक आहे, बास. दिवसभरात त्याच्या तोंडून मला एवढा एकच शब्द मिळायचा आणि तो मी बक्षिसासारखा घेऊन घरी जायचे.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी थोडी चढले होते. पाहुणे आले की ग्रेसम्मा त्यांना दारातून मला दाखवायच्या आणि सांगायच्या की ही मराठी मुलगी बघा, सत्तर माणसांची हुळी करते आणि एकदाही चाखत नाही, नुसत्या वासावर. हुळी म्हणजे तिकडचं सांबार. मग मी मुद्दाम झाकण कलतं करून वाफेवर चेहरा धरायचे, अगदी आईसारखा. पाहुणे माना डोलवायचे. आज ते आठवलं की स्वतःच्याच एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

उन्हाळा कडक होता. देवनहळ्ळीकडचा एक शेतकरी अधूनमधून छत्राला भाजी पाठवायचा. एके दिवशी त्याचं पोतं आलं, दुधी भोपळ्यांचं. उन्हाने जरा आक्रसलेले, पण हिरवेगार. पुट्टम्माने ते चिरले, फोडी टोपल्यांतून उंबऱ्याच्या आत आल्या, आणि आत आलेली भाजी म्हणजे माझ्या लेखी पास झालेली भाजी. तूरडाळ शिजली होती. मी चिंचेचा कोळ घातला, मसाला घातला, वरून मेथी जरा जास्तच भाजून कुटून टाकली, कारण मला तो वास आवडतो. झाकण कलतं करून वाफ घेतली. सगळं जिथल्या तिथे होतं. कडूपणाला वास नसतो हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पंगत बसली. मी वाढत गेले. आज जरा शांत आहेत असं वाटलं, पण ऊन होतं, सगळेच मलूल होते. रंगप्पापाशी पोचले तेव्हा त्याने अर्धी हुळी संपवली होती. त्याने हात आडवा धरला नाही. वर बघून अगदी हळू म्हणाला, "स्वल्प कहि इदे, अम्मा." जरा कडू आहे.

मी हसले. म्हटलं मेंत्या आहे, मेथी, अंगाला चांगली, तुमच्या पाठीला तर फारच चांगली. आणि माझं म्हणणं खरं करायला आणखी दोन डाव त्याच्या भातावर ओतले. त्याने ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून जेवायला लागला. सगळं संपवलं. मी उभी राहून बघत होते.

अर्ध्या तासाने अंगणातून पहिली ओकारी ऐकू आली. कुणाला ऊन लागलं असेल म्हणून मी पातेलं घासायला ओढतच होते. मग दुसरी, मग एकदम तीन-चार. बाहेर येऊन बघते तर नळाजवळ माणसं वाकलेली, कुणी भिंतीला धरून, कुणी जमिनीवरच. पुट्टम्मा पोट दाबून बसली होती. ग्रेसम्मा एकाला धरायला जात होत्या तोवर दुसरा पडत होता. मी पाण्याच्या बादल्या भरत सुटले, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. रंगप्पा अंगणात नव्हता. तो आपल्या जागीच, दाराजवळ, कुशीवर आडवा झाला होता आणि त्याच्या तोंडाजवळ जे सांडलं होतं त्यात रक्त होतं.

शेजारच्या दुकानदाराने टेम्पो दिला. तिघांना सरकारी इस्पितळात नेलं, बाकीच्यांना ग्रेसम्मांनी ओळखीच्या नर्सला बोलावून तिथेच मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. मी टेम्पोतून गेले. रंगप्पाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे उघडे असूनही तो मला बघत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. ग्रेसम्मांनी सांगितलं की भाजी थेट शेतातून आली होती, फवारणीचं औषध असणार. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, तसंच दिसतंय, आणि विषावरच्या इंजेक्शनची तयारी करायला सांगून आत गेले. मी बाकावर बसून होते. कानात दोनच शब्द फिरत होते, स्वल्प कहि, स्वल्प कहि. फवारणीचं औषध कडू लागतं का, हे मी कुणाला विचारणार?

ग्रेसम्मांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू परत जा, पातेली घासून ठेव, तपासणीला कुणी आलं तर स्वयंपाकघर स्वच्छ दिसू दे. मी गेले. छत्रात आता कुणी ओरडत नव्हतं, नुसते कण्हण्याचे आवाज, आणि वरती कबुतरांचा खरखराट. पातेल्याच्या तळाशी हुळी उरली होती. मी ते कलतं केलं, मोरीकडे ओढलं, आणि थांबले.

आज कुणाला हे सांगितलं तर हसू येईल, पण पातेल्यातलं बोटाने उचलून तोंडात घालायला माझा हात उठेना. आयुष्यात कधी केलं नव्हतं. आईचा चेहरा समोर आला. मग रंगप्पाचा आला. मी डाव बुडवला, तळहातावर थेंब घेतला आणि चाटला.

आधी चिंच, मग मिरची, मग मेथी. आणि मग घशाच्या मागून असा कडवटपणा चढत आला की माझे डोळे पाण्याने भरले. हा मेथीचा कडूपणा नव्हता. हा मला माहीत होता. लहानपणी जगलीवरून गटारीकडे मी ज्याच्यासाठी धावायचे तो हाच, फक्त दहापट. मी मोरीत थुंकत राहिले. अप्पा म्हणायचे की दुधी कडू लागला तर गाईलाही घालायचा नाही, ते विषच असतं. हे मला माहीत होतं. ज्या घरात दुधी चाखल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही त्या घरातली मी, आणि सत्तर माणसांना मी तो रांधून वाढला होता.

पुट्टम्मा भिंतीशी टेकून बसली होती. तिला विचारलं, कडू लागलं नाही का तुला, कुणालाच लागलं नाही का? ती म्हणाली, "लागलं की. सगळ्यांना लागलं. तू रोज चांगलं करतेस अम्मा, एक दिवस कडू झालं तर बोलायचं कशाला?"

मी एका डब्यात ती हुळी भरली, टोपलीतली उरलेली दुधीची फोड रुमालात बांधली आणि रिक्षा केली. इस्पितळाच्या दारात ग्रेसम्मा भेटल्या. डबा बघून त्यांनी ओळखलंच. माझा हात धरून म्हणाल्या की थांब, नीट विचार कर. फवारणीवर गेलं तर ती कुणाचीच चूक नाही. स्वयंपाकात चूक निघाली तर तुझं नाव लिहिलं जाईल, आणि मग हे छत्र चालू देतील का? ही माणसं कुठे जातील? त्या वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण आत रंगप्पाला चुकीच्या विषाचं औषध देत होते आणि मला उभं राहवत नव्हतं. मी हात सोडवून घेतला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, अर्धं कानडीत, अर्धं इंग्रजीत. त्यांनी फोड हातात घेतली, कणभर जिभेला लावली आणि लगेच थुंकली. मग विचारलं, "तुम्ही करताना चाखून बघितलं नाही?"

मी म्हटलं, "आमच्यात चाखत नाहीत."

"आणि जेवताना?"

"मी तिथे जेवत नाही."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, आणि ते बघणं मला अजून सहन होत नाही. मग त्यांनी नर्सला हाक मारून आधीचं औषध थांबवायला सांगितलं. या विषावर उतारा नाही, म्हणाले. सलाईन, पोटाचं औषध, आणि वाट. बाकीचे दोघे सुधारतील. या म्हाताऱ्याने फार खाल्लंय. उद्या सकाळपर्यंत रक्त थांबलं तर वाचेल.

त्याने फार का खाल्लं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे तेवढंच.

दिवेलागणीला अप्पा मला शोधत आले. मी हकीकत सांगितली. ते बाकावर बसले आणि जसं काही हिशेबातली एक ओळ सापडत नाही अशा स्वरात म्हणाले, "पण वत्सू, तिथं दुधी चाखायचं कोण?"

तेव्हा मला सगळं उमगलं. आई चाखत नव्हती कारण अप्पा बाहेर बसलेले होते आणि त्यांच्यापुढे मी होते. आमच्या घरची जी चव न घेण्याची ऐट, ती एका लहान पोरीच्या जिभेवर उभी होती. मी आईचा अर्धा भाग उचलून छत्रात नेला आणि माझाच अर्धा घरी विसरले.

घरी आल्यावर अप्पांनी आईला सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ओल्या लुगड्यात उभी होती. मी न्हाणीघराकडे वळले, आंघोळीला. ती म्हणाली, "थांब." मग विचारलं, "तिथलं खाऊ नको असं मीच सांगितलं होतं ना तुला?"

मी होय म्हणून मान हलवली.

"उद्यापासून तिथंच जेव," आई म्हणाली आणि आत गेली. तिचे डोळे मी बघितले नाहीत, पण फोडणी देताना तिने मोहरी जाळली. असं तिच्या हातून कधी झालेलं मला आठवत नाही.

सकाळी उजाडताच मी इस्पितळात गेले. जिन्यात वरून येणारी नर्स माझ्याकडे बघून थांबली आणि मला वाटलं, संपलं. ती म्हणाली की रक्त थांबलंय, पाणी मागितलं त्याने. मी तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. लोक बाजूने चढत-उतरत होते, मला कशाचंच काही वाटलं नाही.

छत्र बंद झालं नाही. तपासणीला माणसं आली, माझं नाव लिहून घेतलं, ग्रेसम्मांना चार बोल सुनावून गेली. मला काढून टाकतील असं वाटलं होतं. ग्रेसम्मांनी तिसऱ्या दिवशी फावडं हातात दिलं. अंगणात आता पुट्टम्मा चिरायची आणि मी शेजारी बसून प्रत्येक टोक चावायचे. पंगत उठली की शेवटच्या जागेवर बसून तिथलं जेवायचे. पहिला घास मी ताटलीत दोनदा परत ठेवला होता, हे लपवून काय करू?

नवव्या की दहाव्या दिवशी रंगप्पा परत आला. निम्मा झाला होता. कुणाशी न बोलता आपल्या जागेवर, माझ्या दाराजवळ बसला. त्या दिवशी साधं होतं, भात आणि टोमॅटोचं सारू, म्हणजे आपलं सार. मी भाताची टोपली आणि सारूची बादली घेऊन पंगतीतून येत होते आणि एकेका ताटलीगणिक त्याचं अंतर मोजत होते. त्याच्यापुढे वाकले. भात वाढला. डाव सारूत बुडवून वर उचलला, तर त्याने ताटलीवर हात आडवा धरला. अजून काही वाढलंच नव्हतं.

तो "सरी" म्हणाला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. पंगतीतले हात थांबले. पुट्टम्मानेही चावायचं थांबवलं. माझ्या डावातलं सारू जमिनीवर ठिबकत होतं. माफी मागायची होती, ती कोणत्या भाषेत मागायची तेही कळेना. मग मी त्या डावातलं सारू डाव्या तळहातावर ओतलं. भाजलं. तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या डोळ्यांत बघत मी ते प्यायले.

रंगप्पाने विचारलं, "कहि?"

मी मान हलवून सांगितलं, "नाही."

त्याने हात बाजूला घेतला.